अर्ध्या कोयत्याचं कार्ड

धारूरच्या बाजारात मी चालायला लागलो की रस्ता आपोआप मोकळा होतो. नव्या माणसाला वाटतं, काय मान आहे! मान कसला, काखेत पावतीबुक असतं. टपरीवर चहा पीत उभा असलेला चांगला ओळखीचा माणूस मला लांबून बघतो, कप तसाच ठेवतो, आणि त्याला एकदम शेतातली मोटार बंद करायची आठवण होते. लाईट सकाळपासून गेलेली असली तरी होते.

ऊसतोड मजुरांच्या हक्कांसाठी आम्ही चार टाळकी मिळून एक संघटना चालवतो. संघटनेचं कार्यालय म्हणजे आमच्या घराची पुढची खोली, आणि संघटनेचं कपाट म्हणजे बायकोच्या कपाटातला खालचा कप्पा, ज्याबद्दल तिने संघटनेला अजून माफ केलेलं नाही. मजुरांची अडलेली कामं सोडवायची आणि त्यासाठी लागणारा पैसा मागून आणायचा, ही दोन्ही खाती माझ्याकडे. पहिल्या कामाला गेलो की लोक ‘या नेते’ म्हणतात. दुसऱ्या कामाला गेलो की लोक घरी नसतात.

मागायला मी जिल्हाभर हिंडतो. दिंद्रुडच्या एका आडत्याची माझ्या मोटारसायकलच्या आवाजाशी इतकी ओळख झालीय की मी वळणावर असतानाच त्याचं शटर अर्ध्यावर येतं. पूर्ण ओढत नाही, कारण माणूस सभ्य आहे. मी वाकून आत डोकावलो की ‘अरे, या की’ म्हणतो आणि चहा पाजतो. फक्त चहा. गेवराईकडच्या वाळूवाल्यांकडून एक पैसाही घ्यायचा नाही असा आमच्या संघटनेचा ठराव आहे. वाळूवाल्यांनी कधी देऊ केला नाही, त्यामुळे ठराव कडक पाळला जातो. अलीकडे मी पावतीबुकाच्या पुठ्ठ्यावर क्यूआर कोड चिकटवून घेतला. वाटलं, आता ‘सुट्टे नाहीत’ कोणी म्हणणार नाही. लोक लगेच सुधारले. आता ‘रेंज नाही’ म्हणतात.

एवढ्या वर्षांच्या मागण्यातून मी एकच शोध लावला. आपल्याकडे माणूस मागितलेलं देत नाही, पण खांद्यावर शाल पडली की विरघळतो. म्हणून मी सत्कार करायला लागलो. देणगी हवी असली की ‘दानशूर’ म्हणून सत्कार. एखाद्या साहेबाने काम अडवलं असलं, की ते त्याने केलंच आहे असं धरून त्याबद्दल सत्कार. फोटो पेपरात, स्टेटसवर, त्याच्या पाहुण्यांच्या ग्रुपवर. मग बिचाऱ्याला ते काम करावंच लागतं. याला मी ‘आगाऊ सत्कार’ म्हणतो. बायको नुसतं ‘आगाऊपणा’ म्हणते. पण एका रेशन दुकानदाराच्या बाबतीत ही युक्ती चालली होती. सत्काराच्या दुसऱ्या दिवशी त्याने खरोखर दुकान उघडलं. तेव्हापासून माझा स्वतःवर जो विश्वास बसला, तो उठायला पुढची गोष्ट घडावी लागली. उरलेल्या शाली खालच्या कप्प्यात जातात. उरलेले नारळ स्वयंपाकघरात जातात. चळवळ जोरात असली की आमच्याकडे शेपूच्या भाजीतही खोबरं असतं.

ही गोष्ट मी घरातल्या लग्नकार्यात, जागरणात, कुठेही सांगायला घेतली की बायको मध्ये मध्ये दुरुस्त्या करते. इथे ती शेजारी नाही, म्हणून जरा सलग सांगता येतंय.

नवरात्र सरलं की आमच्या डोंगरातली सीताफळं डोळे उघडतात आणि वस्त्यांवरच्या बाया पाट्या घेऊन धारूरच्या स्टँडवर येऊन बसतात. त्यातल्या एकीने मला हाक मारली. बाजारात मला कोणी आपणहून हाक मारली की मी आधी मागे वळून बघतो, दुसऱ्या कोणाला मारली असेल म्हणून.

“भाऊ, तुमीच ना त्ये कोयत्यावाल्यांचे?”

“मीच.”

“मग बसा. सीताफळ खा. पैशे नका देऊ, माजं काम हाय.”

तिचा नवरा वारला होता. भावाच्या टोळीबरोबर ती ऊसाला जायची. ऊसतोडीच्या भाषेत एक कोयता म्हणजे एक जोडी, बहुतेक नवरा-बायको. माणूस एकटं असलं की तो अर्धा कोयता, मग ते दोघांइतकं राबो. ही बाई अर्धा कोयता होती. तिची मुलगी शेजारी पोत्यावर बसली होती, मांडीवर पुस्तक, आणि गिऱ्हाईक आलं की पुस्तकावर तराजूचं पारडं. आठवी झालेली. तालुक्याला ऊसतोड मजुरांच्या मुलींचं वसतिगृह आहे, तिथे राहून तिला शाळा करता आली असती. पण तिथे आईचं किंवा बापाचं मजूर म्हणून ओळखपत्र लागतं, आणि ते ग्रामसेवक देतो.

“आन त्यो म्हनतो, अर्ध्या कोयत्याला कार्ड न्हाई. भावाच्या कार्डावर जा म्हनतो. भावाच्या कार्डावर माज्या पोरीला कोन घेतंय?”

“नाही घेतलं तर?”

“तर काय. मुकादम म्हनतो, पोरगी खांद्याला लागली, घ्या की संगं. कोयता पुरा व्हतोय.” तिने पाटीतलं पिकलेलं फळ उगाच फिरवून ठेवलं. “एक डाव कोयता पुरा झाला का पोरगी ऊसातच ऱ्हाती, भाऊ. म्या तशीच ऱ्हायलेय.”

टोळीची ऊसाला जाणारी गाडी दिवाळीच्या तोंडावर भरणार होती. म्हणजे दिवस थोडे होते. मी सीताफळाच्या बिया हातातच धरून म्हणालो, “कार्ड झालंच समजा.” मुलीने पुस्तकातून मान वर करून माझ्याकडे बघितलं. तिला त्या वयातही शंका आली होती, असं मला आता वाटतं.

ग्रामसेवक, ज्यांना सगळं गाव भाऊसाहेब म्हणतं, माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला कुठलंही काम पहिल्यांदा करायची भीती वाटायची. “नेते, आजवर एकट्या बाईचं कार्ड मी दिलं नाही. उद्या कोणी विचारलं तर?” सरळ उपाय असा होता की तालुक्याला जाऊन वरच्या साहेबाकडून एक ओळ लिहून आणायची. तो उपाय इतका सरळ होता की मला सुचलाच नाही. मला सत्कार सुचला.

तीन दिवस मी वर्गणीसाठी फिरलो. खताच्या दुकानदाराने पैशाऐवजी मंडप दिला, आणि त्यावर त्याच्या खताची जाहिरात होती. फ्लेक्स छापला: ‘एकल महिला ऊसतोड मजुरास स्वतंत्र ओळखपत्र देणाऱ्या कर्तव्यदक्ष ग्रामसेवकांचा भव्य नागरी सत्कार’. कार्ड अजून दिलंच नव्हतं, ही किरकोळ गोष्ट. फ्लेक्सवर सगळ्यात मोठा फोटो माझा होता. छापणारा म्हणाला, बाकीच्यांचे फोटो फुटतात. मी फार ताणलं नाही.

त्या बाईचं गाव डोंगराच्या पायथ्याशी. मारुतीच्या पारावर कार्यक्रम. गावची सरपंच एक बाई होती, राखीव जागेवर निवडून आलेली, आणि कारभार तिचा नवरा बघायचा. त्याला सगळे ‘सरपंचसाहेब’ म्हणायचे, मीही म्हणायचो, आणि त्यात मला कधी काही खटकलं नव्हतं. खुर्च्या मांडल्या. भाऊसाहेबांना तालुक्याला मीटिंग होती, ते घड्याळ बघायला लागले, म्हणून मी पहिली शाल त्यांना घातली. आपल्या भागात ज्याने चार लग्नं बघितलीत त्याला हे सांगायला नको की गावात मानाच्या माणसाआधी दुसऱ्याच्या खांद्यावर शाल गेली की पुढे काय होतं. मी चारशे लग्नं बघितलीत. तरी घातली.

मग माईकवर म्हणालो, “आता गावचे कर्तबगार सरपंच...” आणि नवऱ्याच्या अंगावर दुसरी शाल टाकली.

मागे बसलेल्या बायांतून एक म्हातारी ओरडली, “आवं, ह्ये कुटले सरपंच? सरपंच तिकडं धुनं वाळू घालायलीय!”

हशा पिकला. म्हातारीला आणखी चेव आला. “शाल तिला द्या की, थंडी तिलाबी वाजती!”

इथे शहाणा माणूस माईक बंद करतो. मी माईक जवळ घेऊन म्हणालो, “माताभगिनींनी कृपया शांतता राखावी. महिला सन्मानाचा कार्यक्रम आहे.”

मग जे हसणं सुरू झालं ते आभारप्रदर्शनापर्यंत थांबलं नाही. सरपंचसाहेबांनी शालीची घडी घातली, खुर्चीवर ठेवली आणि चपला घालून निघून गेले. ज्या बाईसाठी हे सगळं, ती मंडपाच्या कडेला मुलीला घेऊन उभी होती. तिला व्यासपीठावर बोलवायचं कार्यक्रमपत्रिकेत होतं, पण वेळेअभावी राहिलं. वेळ माझ्या भाषणात गेला होता.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी नवीनच सांगितलं. “सरपंचांच्या सहीचं पत्र आणा, मग देतो.”

“हे कुठल्या नियमात आहे?”

“नेते, कालचा सत्कार कुठल्या नियमात होता?”

सरपंचसाहेबांकडे गेलो. ते मोटारसायकल पुसत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “ग्रामसभेत बघू.”

“ग्रामसभा कधी?”

“घेऊ की. गाड्या गेल्यावर. निवांत.”

म्हणजे आधी एकच माणूस काम अडवून बसला होता आणि तोही भिऊन. माझ्या सत्कारानंतर दोघं झाले, आणि दुसरा रागावलेला.

स्टँडवर बाईला हे सांगायला गेलो तर तिला कळलेलं होतं. सीताफळाच्या पाट्या जवळजवळ सरल्या होत्या. मुलगी दिसली नाही.

“कुठं गेली?”

“मामीसंगं. भांडी बांधायला.” मग म्हणाली, “भाऊ, तुमी लई केलं.” हे ती ज्या आवाजात म्हणाली, त्या आवाजात आमच्याकडे लोक पेशंट गेल्यावर डॉक्टरांना म्हणतात.

घरी जेवताना मी बायकोला सगळं सांगितलं. तिने भाकरी थापत थापत ऐकून घेतलं.

“सही कोनाची पायजे?”

“सरपंचांची.”

“सरपंच कोन हाय?”

“ते... म्हणजे त्यांच्या मिसेस.”

“मग तुमी मोटारसायकल पुसनाऱ्याकडं कावून गेलतात?”

मी वरणात खोबरं का आहे असं विचारून विषय बदलायचा प्रयत्न केला. ती ऐकणारी नव्हती. “बाईच्या नावानं कार्ड पायजे म्हनून भांडायलाव, आन बाईच्याच खुर्चीवर बाप्याला बसवून शाल घालायलाव. तुमचं तुमाला तरी कळायलंय का, काय करायलाव ते? उद्या मी येते. त्या ताईलाबी घ्या संगं. आन तुमी तितं बोलायचं न्हाई.”

“अजिबात?”

“बाहेर बसून बोला. किती बी बोला.”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. बायको आणि ती बाई चपला काढून सरळ आत गेल्या. मला बैठकीत सरपंचसाहेबांसमोर बसवण्यात आलं. मला वाटलं, खरी लढाई इथेच आहे. मी संविधानापासून सुरुवात केली. समान संधी, श्रमाची प्रतिष्ठा, एकल महिला, सगळं घेतलं. सरपंचसाहेब मोबाईलवर बैलाचे व्हिडिओ बघत होते. मधूनच एखादा बैल फारच देखणा निघाला की ते मोबाईल माझ्याकडे वळवायचे आणि मी ‘वा’ म्हणून पुढच्या मुद्द्याकडे जायचो.

मग त्यांचा फोन वाजला. सिमेंट रस्त्याचं बिल होतं. कागद आजच तालुक्याला पोचायला हवा होता, गडी दारात गाडी चालू ठेवून उभा होता. सरपंचसाहेब कागद घेऊन आत गेले. असे कागद आत जायचे आणि सही होऊन बाहेर यायचे, हे त्या घरात चहा आत-बाहेर होण्याइतकं रोजचं असावं. या वेळी ते बाहेर आले ते तसाच कागद घेऊन.

“काय झालं?” मी विचारलं.

“काय न्हाई. पेन सापडंना.”

खिशातलं पेन घेऊन पुन्हा आत गेले. मी वाट बघत मुद्द्यांची उजळणी करत बसलो. पुन्हा बाहेर आले, कागद बिनसहीचाच. कपाळावर घाम. बाहेरचा गडी हॉर्न वाजवायला लागला. आतून बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता, आणि शेंगा फोडल्याचा.

“नेते,” सरपंचसाहेब माझ्या जवळ येऊन खाली बसले. “त्या बाईचं पत्र कसं लिवायचं असतंय?”

मला भरून आलं. इतकी वर्षं भाषणं केली, पण एखाद्या माणसाचं मन डोळ्यांदेखत असं बदलताना कधी पाहिलं नव्हतं. मी पत्र लिहून दिलं. जरा अलंकारिक लिहिलं. ते घेऊन ते आत गेले आणि दोन्ही कागद सह्या होऊन बाहेर आले. जाताना मी त्यांचा हात हातात घेऊन म्हणालो, “साहेब, हा तुमचा नाही, संविधानाचा विजय आहे.” त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की तीच नजर मी पुढे बायकोच्या डोळ्यांतही पाहिली, पण त्यात तिची सवय मिसळलेली होती.

त्या बाईला वस्तीवर सोडलं आणि घाट चढताना बायकोने मागून सांगितलं. आत गेल्यावर हिने काही मागितलंच नाही. शेंगांचं सूप पुढे ओढलं आणि म्हातारीचं ओरडणं सरपंचबाईला नकलेसकट ऐकवलं. ती म्हणे पोट धरून हसली. मग म्हणाली, निवडून आल्यापासून ऑफिसात एकदाच गेलेय, झेंड्याला. मग सीताफळवालीने आपली अडचण सांगितली. सरपंचबाई म्हणाली, मला कुणी विचारलंच न्हाई. तेवढ्यात नवरा रस्त्याचा कागद घेऊन आला. तिने कागद बाजूला सरकवला आणि म्हणाली, “आदी हिचं आना. मग तुमचं.” दुसऱ्यांदा आला तर नुसती शेंगा फोडत राहिली.

“म्हणजे माझं भाषण?” मी गाडी हळू करून विचारलं.

“आत ऐकायला येत हुतं की,” बायको म्हणाली. “सरपंचबाईनं विचारलं, ह्ये बाहेर कोन किर्तन करायलंय? मी म्हनलं, आमच्यातलेच हायत.”

पत्रावरची सही बघून भाऊसाहेबांनी दोन दिवसांत कार्ड दिलं. खाली ‘मजुराचे नाव’ या रकान्यात त्या बाईचं नाव, तिच्या फोटोसकट. फोटोत ती रागावल्यासारखी दिसते, पण तिला तोच आवडला. वसतिगृहाच्या बाईंनी कार्ड उलटसुलट बघितलं आणि मुलीला पलंग दाखवला. पेपरात बातमी आली ती ‘नेत्यांच्या पाठपुराव्याला यश’ अशी. ती मी दिली नव्हती, असं मी शपथेवर सांगू शकत नाही.

गाडी भरायच्या दिवशी मी वस्तीवर गेलो होतो. मुलीची पेटी वसतिगृहात न्यायची होती आणि ती माझ्या मोटारसायकलवर बसते की नाही हा प्रश्न होता. ट्रकमध्ये ताडपत्र्या, भांडी, शेळ्या, एक पाळणा, वर माणसं. पेटी मागे बांधताना दोरी दोनदा सुटली. मुलीने ती माझ्या हातातून घेतली आणि स्वतः बांधली.

बाई वर चढली होती. मुलगी खाली माझ्याजवळ. मुकादम ट्रकच्या फाळक्याशी उभा राहून एकेकाला विचारत होता आणि वहीत खुणा करत होता. हिच्यापाशी आल्यावर त्याने आधी खाली पोरीकडे बघितलं, बांधलेल्या पेटीकडे बघितलं.

“तुजं काय? पुरा का अर्धा?”

मला तिथे बोलावंसं वाटलं. दोन वाक्यं तयारही झाली होती. मुलीने माझी बाही धरली होती, ती जरा ओढली.

“अर्धा,” आई वरून म्हणाली. मुकादमाने न ऐकल्यासारखं केलं, तर ती फाळक्यावर वाकून मोठ्यांदा म्हणाली, “अर्धाच लिवा!”

ट्रक उताराला लागला. मुलगी हात वर करून उभी राहिली, मग तिने डोळे पुसले, पेटी एकदा हलवून बघितली आणि मला म्हणाली, “मामा, हळू घ्या घाटात. माजी पुस्तकं हायत त्यात.”